केरसुणी, यंत्र आणि रुमाल

लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. आमच्या घरींही ती चालू आहे. परंतु जिला वर्षांतून एक दिवस लक्ष्मी म्हणावयाचें, ती उरलेले दिवस कोणाच्या हातीं असते, हा विचार साठी उलटेपर्यंत आमच्या मनाला शिवला नव्हता, हें कबूल केलें पाहिजे. ज्या प्रसंगानें तो विचार आला, त्याच प्रसंगानें थोडें व्यवहारज्ञानही पदरांत पडलें. तें वाचकांच्या उपयोगीं पडावें म्हणून या महिन्यास हा विषय घेतला आहे.

आमच्या कुटुंबास कांहीं वर्षांपासून दम्याचा विकार आहे. दोन वर्षांपूर्वीं पावसाळा सरतां सरतां त्यानें फार जोर केला. डॉक्टरांनीं औषध दिलें आणि सहज विचारलें, "घरांत केर कोण काढतें?" आम्ही उत्तराची जुळवाजुळव करूं लागलों. तें उत्तर शेजारच्या खुर्चीवर धापा टाकीत बसलें होतें. "यापुढें यांनीं केर काढूं नये, आणि दुसरा कोणी काढीत असेल तेव्हां त्या खोलींत थांबूंही नये," असें डॉक्टरांनीं बजावलें.

घरीं येतांच चिरंजीवांनीं व्हॅक्यूम क्लीनर घेण्याची सूचना केली. ज्या केरसुणीकडे आम्हीं जन्मांत ढुंकून पाहिलें नव्हतें, तिच्या जागीं यंत्र येणार म्हणतांच आमची जिज्ञासा जागी झाली. दुसरेच दिवशीं बापलेक दुकानांत गेलों. दुकानदारानें दोन हजार वॅटचा आंकडा दाखविला. आंकडा मोठा तेवढें सामर्थ्य मोठें, आणि वर किंमतही कमी, असा हिशोब करून आम्हीं तें यंत्र उचललें. गणिताचा मास्तर नसलों तरी एवढी चूक आम्हांस शोभण्यासारखी नव्हती.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं पुढच्या खोलींत यंत्र फिरवीत असतां पूर्वेच्या खिडकींतून कवडसा पडला होता. यंत्र पुढच्या तोंडानें केर गिळीत होतें खरें. परंतु त्याच्या पाठीमागून सुटणाऱ्या हवेंत धुरासारखी बारीक धूळ त्या कवडशांत नाचत होती. मनुस्मृतींत मापें सांगतांना, झरोक्यांतून येणाऱ्या उन्हांत जो सूक्ष्म रजःकण दिसतो त्यास 'त्रसरेणु' म्हटलें आहे. हें आम्हीं वर्गांत किती वेळां शिकविलें असेल! पण आपल्याच हातानें उडविलेले त्रसरेणु आपल्याच घरांत त्या दिवशीं प्रथम पाहिले. तोंच आंतल्या खोलींतून खोकल्याची उबळ ऐकूं आली. आम्हीं यंत्र बंद केलें. केरसुणीनें निदान जाड धूळ तरी उडते आणि खालीं बसते. या यंत्रानें ती दळून, वस्त्रगाळ करून घरभर पसरली होती.

मग जें खरेदीपूर्वीं करावयाचें तें आम्हीं खरेदीनंतर केलें. म्हणजे या विषयावर कांहीं वाचलें. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज इंजिनियरानें लंडन येथें हवेच्या झोतानें धूळ उडवून देणारें एक यंत्र पाहिलें. उडालेली धूळ थोड्या वेळानें पुन्हां खालीं बसे. फुंकण्याऐवजीं ओढून कां घेऊं नये, असें त्याच्या मनांत आलें. एका उपाहारगृहांत खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून त्यानें तोंडानें जोरानें हवा ओढली. ठसका लागला, पण रुमाल उलटून पाहिला तों खालच्या बाजूस धूळ चिकटली होती. १९०१ सालीं त्यानें आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें. तें यंत्र एवढें अवजड कीं घोड्यांच्या गाडीवरून दारांत आणीत आणि लांब नळ्या खिडकींतून घरांत सोडीत. पुढें १९०७ सालीं अमेरिकेंत ओहायो संस्थानांतील कँटन गांवीं, एका दुकानांत झाडलोट करणाऱ्या जेम्स मरे स्पँग्लर या गृहस्थानें पंख्याची मोटर, केरसुणीचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र जोडून हातीं धरण्याजोगें यंत्र बनविलें. हा स्पँग्लर स्वतः दम्याचा रोगी होता, हें वाचून आम्ही कांहीं वेळ पुस्तक मिटून बसलों.

या दोन्ही कथांत मर्म एकच आहे. पंखा फिरला कीं यंत्राच्या पोटांतील हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरची हवा धूळ घेऊन आंत धांवते. परंतु आंत गेलेली हवा बाहेर तर पडणारच. बाहेर पडतांना तिच्याजवळची धूळ कोणी काढून घ्यावयाची? तें काम बूथच्या रुमालाचें व स्पँग्लरच्या अभ्र्याचें. केर ओढणारा पंखा वाटेल त्या यंत्रांत असतो. केर धरून ठेवणारा रुमाल मात्र पारखूनच घ्यावा लागतो.

आजच्या यंत्रांत या रुमालास फिल्टर म्हणतात. त्यांतील 'हेपा' नांवाचा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे, म्हणजे केंसाच्या जाडीच्या शतांशाहूनही लहान कणांपैकीं ९९.९७ टक्के अडवितो. दम्याचें माणूस घरांत असेल तर हाच मागावा. मात्र फिल्टर उत्तम आणि डबा फटींचा, असें असल्यास हवा फटींतून निसटते. म्हणून संपूर्ण यंत्र हवाबंद आहे काय, हेंही विचारावें. दुकानदाराचा माणूस घरीं येऊन यंत्र दाखविणार असेल तर त्यास सकाळच्या उन्हांत बोलवावें आणि यंत्राच्या पाठीमागें कवडशांत पाहावें. कवडसा खोटें बोलत नाहीं.

वॅटच्या आंकड्यास भुलूं नये. तो आंकडा यंत्र वीज किती खातें तें सांगतो, काम किती करतें तें नव्हे. युरोपीय संघानें सप्टेंबर २०१७ पासून घरगुती यंत्रांस ९०० वॅटची मर्यादा घातली, तरी तेथील घरें कांहीं मळकीं राहिलीं नाहींत. शिवाय १६०० वॅटचें यंत्र २३० व्होल्टवर सुमारें ७ अँपिअर वीज घेतें. आपल्या भिंतीवरील लहान पॉइंट ६ अँपिअरचा असतो. अशा यंत्रास मोठाच पॉइंट लागतो.

आपल्या घरांतून भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे नसतात. फरशी असते, आणि तिला केरसुणी व ओलें फडकें पुष्कळ आहे. आपल्याकडे यंत्राचें खरें काम गाद्या, सोफे, पडदे, पंख्याचीं पातीं, खिडक्यांच्या जाळ्या आणि पुस्तकांचीं कपाटें येथें आहे. त्यासाठीं चाकांवरचा डबा व लांब नळी असलेलें यंत्र सोयीचें. सोबत लहान ब्रश व फटींत जाणारें चपटें तोंड असावें. बॅटरीवरचें दांड्याचें यंत्र हलकें असतें, पण थोड्याच वेळांत दमतें. आपोआप फिरणारें यंत्र सपाट फरशीवर बरें. उंबरठा व सतरंजीचे गोंडे त्यास आडवे येतात, आणि गादीवर तें चढत नाहीं. कागदी पिशवीच्या यंत्रांत पिशवीचा खर्च पुनःपुन्हां येतो, पण ती धुळीसकट तशीच टाकतां येते. पिशवी नसलेला डबा रिकामा करतांना धूळ उडते. तें काम दमेकऱ्यानें करूं नये.

वापरण्याची रीत थोडक्यांत सांगतों. वरून खालीं यावें : आधीं पंखा, मग कपाटें, मग गादी, शेवटीं जमीन. हात सावकाश चालवावा. घाईनें फिरविलेलें यंत्र केवळ आवाज करतें. गाद्यांना ऊन दाखविण्याची आपली रीत उत्तम आहे, कारण गादींत राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांस दमटपणा लागतो; परंतु मेलेले किडे व त्यांची विष्ठा गादींतच राहते आणि दमेकऱ्यास तीच बाधते. म्हणून ऊन दाखवून झाल्यावर गादीवर यंत्र फिरवावें. डबा तुडुंब भरूं देऊं नये. धुण्याजोगा फिल्टर धुतल्यावर पुरता वाळल्याशिवाय बसवूं नये. ओला राहिल्यास त्यास बुरशी येते. ज्यांत पाणी ओढण्याची सोय नाहीं त्या यंत्रास पाणी दाखवूं नये. देवघरांतील उदबत्तीची ऊन राख तर कधींही ओढूं नये, आंत ठिणगी असली तर पिशवी पेटेल. रांगोळीही केरसुणीनेंच भरावी. तिच्या बारीक पुडीनें फिल्टर तुंबतो.

आतां राहिलें आमचें. पहिलें यंत्र अडगळींत गेलें आणि दुसरें, रुमाल पारखून, घेतलें. आठवड्यांतून दोनदां आम्ही तें चालवितों व रोजची केरसुणीही आमच्याच हातीं आली आहे. त्या वेळीं कुटुंबास शेजाऱ्यांकडे बसविण्यांत येतें आणि उडालेली धूळ खालीं बसल्यावर अर्ध्या तासानें बोलावणें जातें. दमा यंत्रानें जात नसतो. औषध चालूच आहे. पण गेला पावसाळा रात्रीं उठून बसण्यावांचून बराचसा पार पडला, एवढें खरें.

पहिल्या दिवशीं त्या परत आल्या, खोलीवर एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "अहो, मधलें चांगलें झालें. कोपरे राहिले." आम्हीं वांकून पाहिलें, राहिले होते. ते कोपरे इतकीं वर्षें आपोआप स्वच्छ होत नव्हते, हें तेव्हां कळलें.

म्हणून यंत्र घेऊं इच्छिणाऱ्या गृहस्थांस आमची एवढीच विनंती कीं, फिल्टर पाहावा, पॉइंट पाहावा, नळी पाहावी. परंतु दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं तें चालविणार कोण, हें घरांत ठरवून घ्यावें. तें ठरलें नसेल, तर नवें यंत्रही जुन्याच हातांत जाईल.