एवढ्याशा नटावर

आमच्या मोरिवलीत नट म्हटलं की एमआयडीसीतला नट. गेल्या शनिवारी पहाटे सॅक भरत होतो, तेवढ्यात शेजारचे काका दारात आले. माझ्या हातातला नखाएवढा पितळी तुकडा बघून म्हणाले, "काय रे, यावर लटकणार तू? आमच्या वर्कशॉपात हा भंगारात जाईल."

काका नकळत इतिहासच सांगत होते! ब्रिटनमधले क्लाइंबर पूर्वी रेल्वेलाईनच्या कडेला पडलेले खरे नट उचलायचे, आतले आटे घासायचे, दोरी ओवायचे आणि भेगेत अडकवायचे. खास कड्यासाठी बनवलेला नट १९६१ साली आला.

असो. मुद्दा असा, की जिथे भेग नट घेते तिथे बोल्ट मारू नये. आणि हे मी पडून झाल्यावर लिहितोय.

चंदेरीच्या बाजूला एक कोपरा आहे (नेमका कुठे ते सांगत नाही, उगाच गर्दी नको). उघडं पुस्तक उभं ठेवावं तशा दोन भिंती आणि मध्ये बारीक भेग. बोट जात नाही, नट जातो. एक पाय डाव्या पानावर, एक उजव्या, तळवे दाबत वर सरकायचं. तोल जमला तर हातांना चक्क आराम मिळतो. तीन नट लावले, खुशीत होतो, आणि पाय सटकला.

जोडीदार भिंतीपासून दहा-बारा फूट लांब, सावलीत उभा होता. दोरी ताणली गेली तसा सगळ्यात खालचा नट बाहेर आणि वर उचलला जाऊन निघाला. मागोमाग दुसरा. तिसरा टिकला. खालचा नट वरच्या ओढीलाही टिकेल असा लावायचा असतो, हे मला पाठ आहे. लावला नव्हता. चूक माझीच.

खाली आल्यावर जोडीदार म्हणाला, "पुढच्या वेळी ड्रिल आणू यार, दोन बोल्ट मारून टाकू."

मला नाही पटलं. कोड चुकलं म्हणून कोणी सर्व्हर बदलत नाही.

त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही हां. आपला सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थर, मध्येच कुजका दगड, भेगा वाकड्यातिकड्या. मेखा आणि बोल्ट नसते तर आपले कितीतरी सुळके चढलेच गेले नसते. शिवाय सगळ्यात बारीक नट जेमतेम दोन किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोनशे किलोंचा भार घेतो. पडणाऱ्या माणसाचा झटका त्यापेक्षा सहज जास्त असतो. मोठे नट दहाच्या वर घेतात. म्हणून बारीक नटावर एकट्यावर भरवसा नाही. शेजारी दुसरा लावायचा, जमेल तिथे मोठा शोधायचा. पण एवढी डोकेफोड करूनच तर तो कोपरा कळतो. बोल्ट दिसला की आपण पुढचा बोल्ट बघतो, दगड बघतच नाही.

आणि भोक बुजत नाही. अमेरिकेतल्या इव्हॉन शुइनार्डचा मुख्य धंदाच मेखांचा होता. त्याच मेखांनी कडे खराब होताना बघून १९७२ च्या स्वतःच्या कॅटलॉगात त्याने गिऱ्हाइकांना मेखा सोडून नट वापरायला सांगितलं. धंद्यावर पाणी सोडून! आपण तर नुसते वीकेंडचे गडी.

काकांनी काल एक जुना षटकोनी नट आणून दिला, आटे घासून. तो टेबलावर ठेवलाय. शनिवारी परत तोच कोपरा. जोडीदार या वेळी भिंतीला चिकटून उभा राहायला तयार झालाय. ड्रिलचं मात्र आमचं अजून मिटलेलं नाही.