चाळिशी लागली म्हणून काय झाले?

एकोणीस वर्षांच्या मुलीने चाळिशीवर लेख लिहावा म्हणजे लहान तोंडी मोठा घास, हे मला कबूल आहे. विषय ऐकताच एक मैत्रीण म्हणालीच, "अगं, तुला अजून विशी लागली नाही आणि चाळिशीचं काय पडलंय?" प्राध्यापक मंडळींनीही रागावू नये. काही सर हल्ली हजेरीपट हातभर लांब धरून नावे वाचतात आणि मग एकीची हजेरी दुसरीच्या नावावर लागते. मागच्या बाकावर आम्ही तोंडावर वही धरून हसतो. मीही हसत असे. आता ते हसू मला येत नाही. का येत नाही, तेच सांगायचे आहे.

माझे वडील टेलर आहेत. बाजारपेठेच्या टोकाला पत्र्याचे लहानसे दुकान, एक मशीन, एक कात्री, एक इस्त्री. गिऱ्हाइके त्यांना 'मास्तर' म्हणतात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा घरात मास्तर झालेले माणूस आजवर एकच, ते म्हणजे आप्पा. त्यांचे वय आज ४७ आहे.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत आप्पा बोलता बोलता सुई ओवीत. हळूहळू सुई लांब जाऊ लागली. दोऱ्याचे टोक पुन्हा पुन्हा ओठांत ओले होऊ लागले. मग काही न बोलता त्यांनी एक नियम केला. संध्याकाळी काळे कापड हाती घ्यायचे नाही. कुणी काळी पँट आणली तर म्हणायचे, "आज काम फार आहे, सकाळी बघू." मला वाटे, खरेच काम फार असेल. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची टीप दिसत नाही, हे ते कुणाला सांगणार?

ज्या दिवशी हे माझ्या लक्षात आले, त्या दिवशी मी एक चूक केली. दुकानात गिऱ्हाईक बसले होते. आप्पा उजेडाकडे तोंड करून सुईशी झटत होते. मी मोठ्या शहाणपणाने म्हणाले, "आप्पा, तुम्हाला चाळिशी लागलीय. डोळे तपासून घ्या." गिऱ्हाईक हसून म्हणाले, "मास्तर म्हातारे झाले की!" आप्पाही हसले. पण रात्री जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "पोरी, गिऱ्हाईक माझ्या डोळ्यावर विश्वास ठेवून कापड टाकतं. चारचौघांत तू मला आंधळं केलंस."

त्या रात्री मला अभ्यास सुचला नाही. मी खोटे बोलले नव्हते. मग ते वाक्य त्यांना एवढे का लागावे?

विचार करता एक गोष्ट ध्यानात आली. चाळिशी सर्वांना येते, पण सर्वांना ती सारखी येत नाही. पगारदार माणसाच्या पिकल्या केसांबरोबर अनुभव वाढतो, वेतनवाढ मिळते, लोक 'साहेब' म्हणू लागतात. ज्याचे हत्यार म्हणजे स्वतःचे शरीर, त्याचा भाव मात्र पहिल्या पांढऱ्या केसाबरोबर उतरतो. हमाल कंबर दुखते असे म्हणत नाही, कारण पोते दुसऱ्याच्या पाठीवर जाईल. आप्पा दिसत नाही म्हणत नाहीत, कारण रेडीमेडच्या दिवसांत आधीच गिऱ्हाईक थोडे, तेही पलीकडच्या दुकानात जाईल. वय लपवणे ही आमच्याकडे हौस नाही, तो पोटाचा प्रश्न आहे.

मनुस्मृतीत सांगितले आहे की गृहस्थाने अंगावर सुरकुत्या व पांढरे केस पाहिले, नातवंडाचे तोंड पाहिले, की वनाची वाट धरावी. हा सल्ला ज्याच्या कणगीत दाणे आहेत त्याला. आप्पांच्या मशीनवर दोघांची पोटे, माझी फी आणि माझा एस. टी. चा पास चालतो. त्यांनी कोणत्या वनात जावे?

उलट आमची आई पाहा. तिचीही चाळिशी उलटली आहे. तिची पाळी जाऊ लागली आहे. रात्री मध्येच उठून ती पदराने वारा घेत उंबऱ्यात बसते. (या गोष्टी छापायच्या नसतात असे काहींना वाटेल. पण ज्या घरात आई आहे त्या घरात हे आहेच.) एकदा मी काळजीने विचारले, तर म्हणाली, "आजारी नाही गं मी. अंग आता स्वतःसाठी जगायचं म्हणतंय." कोणत्याही पुस्तकात मला याहून सरळ वाक्य सापडलेले नाही.

पुढे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात डोळे तपासणी होती. शेजारणींबरोबर आई गेली आणि चष्मा लावून परत आली. घरी येताच तांदळाचे ताट पुढे घेऊन बसली व ओरडली, "अगंबाई, इतके दिवस एवढे खडे खाल्ले होय आपण!" आम्ही तिघेही पोट धरून हसलो. आप्पाही.

या दुखण्यात शरमेसारखे काय आहे? खरे म्हणजे ते दुखणेच नव्हे. डोळ्यातील भिंग वयाबरोबर ताठर होत जाते, जवळचे पाहताना ते पूर्वीसारखे फुगत नाही. साधारण चाळिशीला हे जाणवू लागते. राजाला जाणवते, रंकालाही. म्हणून तर आपल्या भाषेने त्या वयाला आणि त्या चष्म्याला एकच नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात सुमारे ८२ कोटी ६० लाख माणसांना एवढ्यासाठी जवळचे नीट दिसत नाही की त्यांच्यापर्यंत योग्य चष्मा पोचलेला नाही. आणि २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आसामच्या चहामळ्यांतील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चाळीस व त्यावरील वयाच्या मजुरांपैकी काहींना जवळचा चष्मा ताबडतोब दिला, काहींना प्रयोग संपल्यावर. ताबडतोब चष्मा मिळालेल्यांचे काम दुसऱ्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी वाढले. पाने खुडणारे हात तेच होते, त्यांना फक्त दिसू लागले होते. म्हणजे आप्पा ज्या गोष्टीने रोजी जाईल म्हणून भीत होते, तिच्यानेच रोजी वाढते.

तेव्हा 'वयाचा स्वीकार करा' असा कोरडा उपदेश मला पटत नाही. तो आरशासमोर निवांत उभे राहणाऱ्यांना ठीक आहे. कष्टकऱ्याला वय स्वीकारायचे तर त्याच्या हाती चष्मा हवा, आणि तो लावल्यावर कुणी हसता कामा नये. या दोन गोष्टींतली पहिली सरकार, डॉक्टर, शिबिरे देतील. दुसरी आपण द्यायची आहे, आणि तिला पैसा लागत नाही.

आप्पांचे काय झाले? दिवाळीच्या सुमारास आईचा चष्मा दुपारचा सापडेनासा झाला. ती घरभर शोधी आणि संध्याकाळी तो पुन्हा कोनाड्यात असे. एके दिवशी कॉलेज लवकर सुटले म्हणून मी दुकानाकडे वळले. दुरून पाहिले. आप्पा आईचा चष्मा नाकावर ठेवून मान खाली घालून टीप मारीत होते. कापड काळे होते. मी आत गेले नाही. मागच्या मागे घरी आले आणि आईला सांगितले. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. तू बोलू नकोस. आपलं आपण सांगतील."

अजून त्यांनी सांगितलेले नाही. पण त्यांच्या डोळ्यांचा नंबर आईच्याच चष्म्याचा असेल असे नाही. तेव्हा त्यांनी स्वतः तपासून घ्यावे यासाठी मी वाट पाहते आहे, आणि रोज कॉलेजला निघताना दहा सुया ओवून त्यांच्या गादीला टोचून ठेवते. त्यांनी एकदाही विचारले नाही की या कुणी ओवल्या.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बरेचजण माझ्यासारखेच घरातले पहिले कॉलेजात आलेले आहेत. आपली विशी आईवडिलांच्या चाळिशीवर उभी आहे. आज घरी गेल्यावर एकदा नीट पाहा. सुई किती लांब धरली आहे, जिना चढताना हात गुडघ्यावर जातो का. पाहा, पण चारचौघांत बोलू नका. आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या सरांना एक विनंती. यंदाची डोळे तपासणी शिबिराच्या गावाबरोबर आपल्या बाजारपेठेतही एक दिवस ठेवावी. टेलर, चांभार, घड्याळे दुरुस्त करणारे काका, सारे तिथे आहेत. नावे लिहून घ्यायला मी बसेन.

हजेरीपट हातभर लांब धरणाऱ्या सरांनीही अवश्य यावे. आम्ही हसणार नाही.

(द्वितीय वर्ष, कला)