ऑक्सिजन ९५, तरी धाप का लागते?

“डॉक्टर, बोटाला मशीन लावलं की ९५ दाखवतं. मग बाबा दिवसभर दम लागतो म्हणतात, तो खरा की मनाचा खेळ?”

सीओपीडीच्या रुग्णाला घेऊन आलेला मुलगा किंवा सून हा प्रश्न हमखास विचारते, आणि तोही रुग्णाच्या समोरच. बाबा मान खाली घालून बसलेले असतात. त्यांना काय वाटत असेल याचा जरा विचार करा. एक तर श्वास पुरत नाही, आणि वर घरचीच माणसं म्हणतात की तसं काही नाहीच.

माझं उत्तर असं की धाप शंभर टक्के खरी आहे. तिच्यात भीतीचाही वाटा आहे, आणि ती भीतीसुद्धा तितकीच खरी आहे. या आजारात आपण फुफ्फुसांवर उपचार करतो आणि भीतीला ‘मनाचे खेळ’ म्हणून सोडून देतो. चांगली औषधं चालू असूनही अनेक रुग्ण वर्षानुवर्षं खुर्चीत बसून राहतात, त्याचं एक मोठं कारण माझ्या मते हेच आहे.

आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होणं आणि फुफ्फुसांतल्या वायुकोशांची लवचिकता जाणं. विडी-सिगारेट, चुलीचा धूर, कामाच्या ठिकाणची धूळ ही त्याची मुख्य कारणं. आपल्याकडे ‘जुना दमा’ म्हणून तो चालवून घेतला जातो. पण दम्यात आकसलेल्या नलिका बऱ्याच अंशी पूर्ववत होतात, इथे त्या होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सीओपीडीने ३२ लाखांहून अधिक माणसं दगावली.

कोविडच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि तेव्हापासून श्वासाचं सगळं मोजमाप त्या आकड्यावर येऊन थांबलं. ऑक्सिमीटर फक्त एवढंच सांगतो की रक्तात ऑक्सिजन किती आहे. तो तिथे पोहोचवायला छातीला किती कष्ट पडताहेत हे त्याला कळत नाही. धाप ही त्या कष्टांची जाणीव आहे. त्यामुळे ९५ असतानाही माणूस बेजार होऊ शकतो आणि ८९ असतानाही शांत बसलेला दिसू शकतो. दिवसातून तीस वेळा बोट मशीनमध्ये घालणाऱ्या रुग्णांना मी ते मशीन कपाटात ठेवायला सांगतो. डॉक्टरांनी सांगितलं असेल तेव्हाच ते बाहेर काढावं.

हे कष्ट वाढतात कसे? गर्दीच्या वेळी दादरला लोकल थांबते तेव्हाची अवस्था आठवा. आतले उतरायच्या आधीच बाहेरचे आत घुसतात आणि डबा ठासून भरतो. सीओपीडीत तसंच होतं. नलिका अरुंद असल्यामुळे हवा बाहेर पडायला वेळ लागतो. ती पुरती बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास घेतला की जुनी हवा आतच कोंडते, छाती फुगलेली राहते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. रुग्ण म्हणतो, “श्वास आतच जात नाही.” खरी अडचण असते ती श्वास बाहेर न पडण्याची.

आता यात भीती कुठे येते ते बघा. जिना चढताना धाप लागली. ‘आता आपलं काही खरं नाही’ असा विचार आला. छाती धडधडली, श्वास आणखी भरभर सुरू झाला. भरभर श्वास म्हणजे हवा बाहेर पडायला आणखी कमी वेळ, म्हणजे आणखी कोंडमारा, आणखी धाप आणि आणखी भीती. दोन मिनिटांत ओसरली असती अशी धाप वीस मिनिटं टिकते, रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागतो. तिथे वाफ देतात, बरं वाटतं, आणि पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. याला कोणी मनाचा खेळ म्हणू नये. हा शरीर आणि मन दोघांचा मिळून झालेला त्रास आहे.

धाप वाढली की

थांबा. बसा. थोडं पुढे वाकून कोपर मांडीवर किंवा टेबलावर टेकवा, म्हणजे खांद्याचे आणि छातीचे स्नायू श्वासाच्या मदतीला येतात. नाकाने सावकाश श्वास घ्या आणि बशीतला गरम चहा फुंकून पितो तसे ओठ करून हळूहळू सोडा. श्वास सोडायला घेण्यापेक्षा दुप्पट वेळ द्या. ओठ असे आवळल्याने नलिका थोडा जास्त वेळ उघड्या राहतात आणि कोंडलेली हवा बाहेर पडते. हा सराव बरं वाटत असताना रोज करायचा, म्हणजे ऐन वेळी आठवतो. धाप लागल्यावर पहिल्यांदा शिकू म्हटलं तर जमत नाही.

तोंडावर पंख्याचा वारा घ्या. हे सांगितलं की लोक हसतात, डॉक्टरांनी काय सांगितलं तर पंखा! पण चेहऱ्याला गार वारा लागला की तिथल्या मज्जातंतूंकडून मेंदूला जाणारा संदेश धापेची जाणीव कमी करतो. इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये ५० रुग्णांवर याची रीतसर चाचणी झाली आणि २०१० मध्ये ती प्रसिद्ध झाली. छोटा पंखा पाच मिनिटं चेहऱ्यावर धरला तेव्हा धाप कमी झाली, पायांवर धरला तेव्हा तसा फरक पडला नाही. जत्रेत मिळतो तसला सेलवरचा छोटा पंखा खिशात ठेवायला काहीच हरकत नाही.

डॉक्टरांनी दिलेला तातडीचा पंप घ्या, शक्यतो स्पेसरमधून. ‘पंपाची सवय लागते, गोळीच बरी’ ही समजूत अजून गेलेली नाही म्हणून हिशोब सांगतो. साल्ब्युटामॉलचे दोन फवारे म्हणजे २०० मायक्रोग्रॅम औषध. त्याच औषधाची ४ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम, वीसपट. ते सगळ्या शरीरात फिरतं, हात थरथरतात, छाती धडधडते, आणि आधीच घाबरलेला माणूस आणखी घाबरतो.

पण प्रत्येक धाप भीतीची समजून घरी बसू नका. पंप घेऊनही बसल्या जागी धाप ओसरत नसेल, बेडका वाढला किंवा हिरवट-पिवळा झाला असेल, ताप असेल, छातीत दुखत असेल, पायांवर, विशेषतः एकाच पायावर सूज असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ओठ निळे पडले, बोलताना वाक्य पुरं होईना, किंवा माणूस गुंगीत जाऊन असंबद्ध बोलू लागला, तर १०८ ला फोन करा, वाट बघू नका. हृदयाच्या आजारातही अशीच धाप लागते. म्हणून ‘ही भीतीची धाप आहे’ हा निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांनी घ्यायचा, घरच्यांनी नाही.

“बाबा, तुम्ही बसा”

माझा खरा आक्षेप आहे तो या वाक्यावर. ते प्रेमानेच म्हटलेलं असतं. बाजाराची पिशवी हातातून घेतली जाते, दूध आणायला नातू जातो, अंथरूण वरच्या मजल्यावरून खालच्या खोलीत येतं. वर्षभरात बाबा खुर्चीत, आणि खुर्ची टीव्हीसमोर. मांड्यांचे स्नायू न वापरल्यामुळे झिजतात. झिजलेले स्नायू थोड्याशा चालण्यानेही थकतात आणि जास्त श्वास मागतात. म्हणजे फुफ्फुसं आहेत तशीच असूनही धाप वाढते. घरचे म्हणतात, “बघा, आजार वाढला.” तो आजार पुष्कळदा खुर्चीने वाढवलेला असतो.

चालताना धाप लागणं म्हणजे फुफ्फुसांना इजा होणं नव्हे, हे रुग्णाला पटलं की अर्धी लढाई जिंकल्यासारखी आहे. बोलता येईल पण गाता येणार नाही इतकी धाप चालते. ती लागली की थांबायचं, ओठ आवळून श्वास सोडायचा, पुन्हा निघायचं. पहिल्या आठवड्यात विजेच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत, मग दोन खांब. आजार मध्यम किंवा जास्त असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारून करा.

यालाच शिस्तीत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली केलं की ‘पल्मनरी रिहॅबिलिटेशन’ म्हणतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस असे सहा ते आठ आठवडे व्यायाम, श्वासाचं तंत्र आणि आजाराची माहिती. कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये ६५ चाचण्या आणि ३८०० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली. धाप आणि थकवा तर कमी झालाच, शिवाय रुग्णांचं मन सुधारलं, आजार आपल्या हातात आहे ही भावना वाढली. एवढं स्पष्ट उत्तर फार थोड्या उपचारांना मिळतं. आणि आपल्याकडे? मोठ्या शहरांतली काही रुग्णालयं सोडली तर ही सोय मिळत नाही. महागडे पंप तालुक्याच्या दुकानात मिळतात, पण चालायला शिकवणारा माणूस जिल्ह्याच्या गावीही शोधावा लागतो. हे बदलेपर्यंत जवळच्या फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घरी करणं हा बरा मार्ग आहे.

घरातली कामं सोडू नका, पद्धत बदला. आंघोळ स्टुलावर बसून करा. अंग खसाखसा पुसण्यापेक्षा मोठा टॉवेल पांघरून थोडा वेळ बसा. दाढी, वेणी बसून, कोपर टेकवून. एकदम पोटभर जेवू नका, भरलेलं पोट श्वासपटलाला वर ढकलतं. पती-पत्नीच्या शारीरिक जवळिकीबद्दल तर कोणी विचारतच नाही. धाप लागेल या भीतीने ती कित्येक घरांत कायमची बंद होते. आधी पंप घेऊन, जेवणानंतर लगेच नाही, कमी श्रमाच्या स्थितीत, असं पुष्कळांना शक्य असतं. डॉक्टरांना विचारा, यात लाजण्यासारखं काही नाही.

घरी ऑक्सिजन मशीन आणू का, हेही सारखं विचारतात. आरामात बसलेलं असतानाही ऑक्सिजन सतत ८८ किंवा त्याखाली असेल तर दिवसाला किमान १५ तास ऑक्सिजनचा फायदा आहे. त्यापेक्षा बरी स्थिती असलेल्या ७३८ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही फायदा दिसला नाही. धीर यावा म्हणून मशीन आणलं तर माणूस त्याच्या नळीला बांधला जातो. काही रुग्णांत जास्त ऑक्सिजनमुळे कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगीही येते.

लाज आणि उदासी

विडी ओढणारा पुरुष रुग्ण स्वतःबद्दल तक्रारच करत नाही. “केलं ते भोगतोय,” म्हणून गप्प बसतो. घरातही कोणी ना कोणी ते ऐकवलेलं असतं. खेड्यातल्या बाईची गोष्ट वेगळी. तिने विडीला कधी हात लावलेला नसतो, तीस-चाळीस वर्षं चुलीपुढे घालवलेली असतात, आणि आपल्यालाच हा आजार का, हे तिला कोणी समजावून सांगितलेलं नसतं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं ते २००९ मध्ये. तरी आजही अशा बाईच्या धापेला ‘वय झालं’ म्हणतात. विडी सोडायलाच हवी, आजच सोडायला हवी. पण अपराधीपणाने खचलेला माणूस ती सोडत नाही, चोरून ओढतो.

सीओपीडीच्या साधारण चारांपैकी एका रुग्णाला नैराश्य असतं. ते ओळखायला अवघड, कारण थकवा, झोप नसणं, भूक मंदावणं ही लक्षणं दोन्हीकडची. फरक दिसतो तो आवडीत. भजनाला जाता येत नाही म्हणून हळहळणारा माणूस आणि भजनाचं नावच नको झालेला माणूस, यातल्या दुसऱ्याची मला जास्त काळजी वाटते. नैराश्य असेल तर समुपदेशन आणि गरज पडल्यास नैराश्यावरची गोळी उपयोगी पडते. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी मात्र दुकानातून आपल्या मनाने आणू नका. आजार जास्त असेल तर ती श्वास मंदावू शकते, तोल जाऊन पडायला होतं, आणि मूळ भीती तिथेच राहते.

सीओपीडीच्या प्रत्येक तपासणीत, छातीला स्टेथोस्कोप लावण्याइतक्या नेमाने, डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारायला हवेत असं माझं स्पष्ट मत आहे. गेल्या दोन आठवड्यांत उदास, निराश वाटलं का? आणि आवडीच्या गोष्टींत मन लागेनासं झालं का? याला एक मिनिट लागतं. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्हीच सांगा, आणि शक्य असेल तर सोबतच्या माणसाला दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगून बोला. जगणंच नको वाटत असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. शासनाच्या टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं.