धाब्यावरची माती

गिरणेच्या काठी वसलेल्या आमच्या भडगावाला घरे जाण्याचा अनुभव नवा नाही. १८७२ च्या सप्टेंबरात नदीला जो महापूर आला, त्याने गावातली शेकडो घरे नेली. आमचे धाब्याचे घर मात्र पुराने नेले नाही, ते वाटणीने गेले. आणि ज्या जागी आज स्लॅबची दुमजली इमारत उभी आहे, त्या जागेवर आमचा कवडीचाही हक्क उरलेला नाही.

असे असता गेल्या ज्येष्ठात, मृग लागण्याच्या तोंडावर, माझी माय, जिला जाऊन आता एकवीस वर्षे झाली, ती मला त्याच जुन्या घराच्या ओट्यावर सुपात दादर ज्वारी पाखडीत बसलेली दिसली. मान वर न करताच तिने विचारले, “धाबावर माटी टाकी का रे, भाऊ?” पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खारी माती पसरून ते चोपून घेण्याचे काम माझ्याकडे असे, आणि ते मी दरवर्षी लांबणीवर टाकीत असे.

दिवंगत माणूस तलाठ्याच्या दप्तरी फार काळ राहत नाही. वारसनोंद होते, फेरफार मंजूर होतो, सातबाऱ्यावरचे नाव कमी होते, आणि सरकारी कागदांपुरता त्या माणसाचा कब्जा संपतो. स्वप्नाच्या दप्तरी मात्र हा फेरफार कधीच मंजूर होत नाही; तेथे जुनीच वहिवाट चालू असते. म्हणूनच, मला वाटते, आपली गेलेली माणसे आपल्या नव्या घरात सहसा येत नाहीत. ती जुन्या घरी असतात, आणि आपणच रात्री तिकडे जातो.

हे स्वप्न मी एका जाणत्या म्हणविणाऱ्या गृहस्थांच्या कानी घातले, तेव्हा त्यांनी तत्काळ निर्णय दिला की मृतात्म्याने काही मागणे हे अतृप्तीचे लक्षण असून शांती करणे अगत्याचे आहे. खर्चाचा आकडाही त्यांच्या जिभेवर तयार होता. शास्त्राच्या नावाने बोलणाऱ्यांनी शास्त्र उघडून पाहावे, एवढीच माझी विनंती आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांपैकी दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित व कल्पित हे पहिले पाच निष्फळ, म्हणजे भविष्याशी संबंध नसलेले, असे स्पष्ट म्हटले आहे. जी माय मी डोळ्यांनी पाहिली, जे घर मी अनुभवले, ती दृष्ट-अनुभूताच्या कोटीत बसत नाहीत, तर मग कोण बसेल? (पश्चिमेकडे ज्या फ्रॉइडने स्वप्नमीमांसेचा ग्रंथ १८९९ च्या अखेरीस जगापुढे ठेवला, त्याचे वडील १८९६ साली वारले होते, आणि त्या मृत्यूशी या ग्रंथाचा असलेला संबंध त्याने पुढे स्वतःच मान्य केला.)

मागण्याचीच गोष्ट काढायची, तर तुकोबांना माघ शुद्ध दशमीस स्वप्नात गुरुमंत्र देणाऱ्या बाबाजी चैतन्यांनीही भोजनासाठी पावशेर तूप मागितले होते, आणि ते द्यायचे राहून गेल्याचे तुकोबांनी स्वतः अभंगात नमूद केले आहे. परंपरा असे मानते की त्या वेळी बाबाजी समाधिस्थ होऊन बराच काळ लोटला होता. परंतु त्या राहिलेल्या तुपापायी तुकोबांनी कोणाकडून दोषनिवारण करून घेतल्याचे ऐकिवात नाही.

आमच्या खानदेशात गेलेल्यांच्या या सर्व मागण्यांवर आखाजीची घागर हाच उतारा आहे. अक्षय्यतृतीयेला पितरांच्या नावे पाण्याने भरलेली घागर पुजायची, तिच्यावर खरबूज ठेवायचे, निखाऱ्यावर आगारी टाकायची. आणि त्याच दिवशी माहेरी आलेल्या लेकींनी अंगणातल्या झोक्यावर बसायचे. गेलेली माणसे आणि परत आलेल्या लेकी एकाच अंगणात जमतात, आणि कोणी कोणाचा अर्थ लावीत बसत नाही.

यंदा आखाजीला थोरली आत्या आली होती. तिला मी ते स्वप्न सांगितले. तिने शुभ-अशुभ काही विचारले नाही, सांजोरीचा तुकडा मोडता मोडता एवढेच म्हणाली, “मंग तू काय सांगं?”

मी ‘टाकी’ म्हणून सांगितले होते.