जुनी वृत्तपत्रे कुलुपात का?

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, त्या दिवसांत ऑस्ट्रेलियातील ‘कॅनबेरा टाइम्स’ने काय छापले, हे आज डिचोलीच्या विद्यार्थ्याला घरबसल्या, एक पैसाही न मोजता वाचता येते. त्या देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वृत्तपत्रे ‘ट्रोव्ह’ या नावाने साऱ्या जगाला खुली केली आहेत. परंतु १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलापूर्वी आपल्याच मराठी पत्रांत जे रण माजले, ते त्याच विद्यार्थ्याला तितक्या सहजतेने वाचता येत नाही. हा विरोधाभास आम्हांस लाजिरवाणा वाटतो.

कौलाचे आकडे सर्वांना पाठ आहेत. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. पण ती मते ज्या युक्तिवादांनी वळली ते कोठे आहेत? ‘गोमन्तक’ विलीनीकरणासाठी झुंजत होता, ‘राष्ट्रमत’ त्याविरुद्ध. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्याच पत्रातले. दोन्ही पत्रे मराठीच, हे विशेष! आज व्यासपीठावरून जो तो त्या लढ्यातले आपल्या सोयीचे तेवढे सांगतो आणि समोरच्या तरुणापाशी ते पडताळून पाहण्याचे साधन नसते. कोणाची बाजू खरी होती हा वाद येथे उकरण्याचा आमचा हेतू नाही. दोन्ही फायली शेजारी शेजारी उघडता याव्यात, एवढेच आमचे म्हणणे आहे.

त्याहून जुन्या पत्रांची निकड तर अधिक. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, गोव्यातील हिंदूंना समान नागरिकत्वाचा वारा लागला आणि मराठी पत्रांना बहर आला. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे ‘भारत’ १९१२ चे. पुढे सालाझारशाहीचा परीक्षक मानगुटीस बसला. तो काळ पोर्तुगीज दप्तरांत शोधता येईलही. पण दप्तरांत सत्तेचा आवाज असतो, पत्रांत आपला. आणि हा कागद लाकडाच्या लगद्याचा! तो आपोआप पिवळा पडून ठिसूळ होतो. आमच्या किनाऱ्यावरची दमट हवा आणि वाळवी उरलेले काम करतात.

कायद्याची सबब येथे फारशी टिकत नाही. निनावी लेखनावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी आणि नावाच्या लेखनावरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. म्हणजे मुक्तीपूर्व पत्रांतील अग्रलेख व बातम्या बव्हंशी सर्वांच्या झाल्या आहेत. १८३२ पासून चालत आलेले, आज कृष्णदास शामांचे नाव धारण करणारे आपले मध्यवर्ती ग्रंथालय सरकारी पैशावर चालते. तेथील जुन्या फायलींची छायाचित्रे ज्याला हवी त्याला विनामूल्य मिळाली पाहिजेत. हे काम खासगी कंपनीकडे सोपवून वाचकाच्या माथी वर्गणी मारण्याचा मोह मात्र टाळावा. ब्रिटनमधील जुनी पत्रे बहुतांशी तशीच वर्गणीच्या दाराआड गेली. न्यूझीलंड, सिंगापूर आणि खुद्द लिस्बनच्या नगरपालिकेने वेगळा मार्ग धरला.

नुसती छायाचित्रे पुरेशी नाहीत, हेही खरे. जुन्या खिळ्यांची तुटकी जोडाक्षरे यंत्र चुकीची वाचते आणि मग शोध घेणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘ट्रोव्ह’वर यंत्राच्या चुका सामान्य वाचक ओळीओळीने दुरुस्त करतात. निवृत्त मराठी शिक्षकांची गोव्यात वाण नाही. त्यांना कोणी बोलावयाचा अवकाश.

जानेवारी १९६७ चे निनावी लेखन १ जानेवारी २०२८ रोजी मुक्त होईल. तोवर थांबण्याचे कारण नाही. आमच्यासह सर्व पत्रांच्या मालकांनी लेखी संमती देऊन त्या वर्षाच्या फायली आजच ग्रंथालयाच्या स्वाधीन कराव्यात.