व्हायब्रेटर कुठला घ्यावा? थोडं स्पष्ट बोलू



गाडी घ्यायची असेल तर आपल्यातला माणूस तीन महिने एक्सेल शीट भरत बसतो. साधा राईस कुकर घ्यायचा तरी चार मैत्रिणींना फोन होतात. आणि जी वस्तू शरीराच्या सगळ्यात नाजूक भागाला लागणार, ती मात्र रात्री साडेअकराला, प्रायव्हेट विंडो उघडून, दोन मिनिटांत ऑर्डर होते. पहिली दिसली ती, नाहीतर सगळ्यात स्वस्त ती. मग ती आवडत नाही, कपाटात कपड्यांच्या मागे जाऊन पडते, आणि बाई निष्कर्ष काय काढते? "माझ्यातच काहीतरी कमी आहे." हे मी तीन-चार मैत्रिणींच्या तोंडून ऐकलंय. सगळ्या शिकलेल्या, सगळ्या कमावत्या. वस्तूच चुकीची असेल, हे एकीच्याही मनात आलं नव्हतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझं मत आधीच सांगून टाकते. पहिलाच व्हायब्रेटर घेत असाल तर तो बाहेरून वापरायचा, तळहातात मावणारा, सिलिकॉनचा, यूएसबीवर चार्ज होणारा आणि फोनशी न जोडला जाणारा घ्या. बाकीचे प्रकार नंतर.

बाहेरून का? कारण बाजारातली निम्मी चित्रं पुरुषाच्या अवयवाची नक्कल असतात आणि सुख सगळं आतच असतं असं ती गृहीत धरतात. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या डेबी हर्बेनिक आणि सहकाऱ्यांनी हजाराहून जास्त बायकांना विचारलं (हा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला). नुसत्या संभोगाने ऑरगॅझम येतो असं सांगणाऱ्या जेमतेम १८ टक्के निघाल्या. क्लिटोरिसला स्पर्श झाल्याशिवाय येतच नाही, असं सुमारे ३७ टक्के म्हणाल्या. या अवयवाला मराठीत शिश्निका असा शब्द आहे, तो शब्दकोशाबाहेर मी कधी ऐकलेला नाही. आपल्या भाषेत बोलायला शब्दच नसेल तर दुकानात काय मागायचं हा प्रश्न आलाच. बाहेर दिसतो तो या अवयवाचा फक्त शेंडा. त्याचे फाटे आत योनीच्या दोन्ही बाजूंना पसरलेले असतात, हे ऑस्ट्रेलियातल्या युरॉलॉजिस्ट हेलेन ओकॉनेल यांनी १९९८ साली नीट मांडलं. म्हणजे आपण बारावीत बायॉलॉजी घोकत होतो तेव्हाची पुस्तकं अपुरीच होती.

आता मोटर. इथे मी जरा रमणार आहे, माफ करा.

आतली यंत्रणा अगदी साधी असते. मोटरच्या दांड्यावर एका बाजूला वजन बसवलेलं असतं, ते फिरलं की अख्खी वस्तू थरथरते. आपल्या जुन्या मोबाईलमध्ये हेच होतं. खोक्यावर "१० मोड, १२ मोड" असं छापतात त्याकडे लक्ष देऊ नका. महत्त्वाच्या गोष्टी दोनच: सेकंदाला हादरे किती, आणि प्रत्येक हादरा किती लांबीचा. मोटर जोरात फिरवली की हादऱ्यांची संख्या वाढते, लांबी वाढत नाही. लांबी ठरते ती फिरणारं वजन किती, ते मध्यापासून किती लांब आणि बाकीची वस्तू किती जड यावर. सेकंड इयरला हे शिकवलं होतं, तेव्हा इथे उपयोगी पडेल असं प्राध्यापकांनाही वाटलं नसेल. :-)

याचा व्यवहारातला अर्थ असा. लिपस्टिकएवढी जी 'बुलेट' मिळते, तिच्यात मोटर चिमुकली आणि वजनही चिमुकलं. तिला जोर दाखवायचा तर वेगाने फिरण्यावाचून मार्ग नाही. मग जो परिणाम होतो तो डासाच्या गुणगुणण्यासारखा, वरच्या कातडीतच विरून जाणारा. थोड्या वेळाने तिथे मुंग्या येतात किंवा बधिर वाटतं, दाढीचा ट्रिमर बराच वेळ हातात धरला तर बोटांना वाटतं तसं. हा बधिरपणा तात्पुरता असतो, घाबरायचं कारण नाही. पण नेमकं इथेच बाई म्हणते, "मला काही होतच नाही." मोठी मोटर, जड वजन, कमी वेग असेल तर गोष्ट वेगळी. स्टँडवर उभ्या असलेल्या एस.टी.चं इंजिन चालू असतं आणि बाकड्यातून जो हादरा येतो, तो आठवा. तो खोल जातो. इंग्रजीत पहिल्याला बझी आणि दुसऱ्याला रंबली म्हणतात, मी झिणझिण आणि घरघर म्हणते. झिणझिण आवडणाऱ्याही असतात, प्रत्येकीची नस वेगळी. पण आपल्याला काय हवंय ते ठाऊक नसेल तर घरघरीपासून सुरुवात करावी. दुकानात जाऊन बघायची सोय असेल तर नमुना चालू करून नाकाच्या शेंड्याला लावून बघा. वेडगळ वाटेल, पण तळहातापेक्षा नाकाला फरक लवकर कळतो. सॅन फ्रान्सिस्कोत जोआनी ब्लँक यांनी १९७७ मध्ये गुड व्हायब्रेशन्स हे दुकान काढलं ते याचसाठी, बायकांना उजेडात उभं राहून वस्तू हातात घेऊन बघता यावी म्हणून.

घरघरीचा बादशहा म्हणजे वाँड. हिताचीचं मॅजिक वाँड १९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत आलं, पाठ-खांदे चोळायचं यंत्र म्हणून. बेटी डॉडसन यांनी आपल्या कार्यशाळांतून बायकांना त्याचा खरा उपयोग दाखवला. आपलं नाव या कामाशी जोडलेलं कंपनीला रुचलं नसावं, २०१३ पासून त्यावर हिताची हे नाव नाही. जुन्या पद्धतीच्या, वायरवाल्या वाँडला वेग दोनच, मिनिटाला ५००० आणि ६००० फेरे. म्हणजे सेकंदाला साधारण ८३ आणि १००. त्या मोठ्या गोळ्यामुळे हादरा दणदणीत. पण वजन अर्ध्या किलोच्या आसपास आणि आवाज मिक्सरच्या धाकट्या भावासारखा. इथली घरं लाकडाची, भिंती ड्रायवॉलच्या, आणि पलीकडच्या खोलीत सहा महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे. तुम्हीच काय ते ठरवा. शिवाय ते यंत्र १२० व्होल्टचं. भारतात नेऊन नुसता प्लगचा अडॅप्टर लावून २३० व्होल्टमध्ये खुपसलंत तर धूर निघेल. चार्ज होणारं मॉडेल २०१५ पासून मिळतं, ते बरं.

रॅबिट या प्रकाराबद्दल माझं मत जरा कडक आहे. 'सेक्स अँड द सिटी'च्या १९९८च्या एका भागात तो दिसला आणि सगळ्यांना तोच हवासा झाला. एक फांदी आत, एक बाहेर, दोन्हीकडे एकदम काम. कल्पना छान. पण दोन फांद्यांमधलं अंतर कारखान्यात ठरलेलं, आणि बायकांच्या शरीरातलं तेच अंतर प्रत्येकीचं निराळं. कोणाला तो चपखल बसतो, कोणाची बाहेरची फांदी हवेतच थरथरत राहते. कपडे शिवायला टाकताना माप देतो आपण, आणि इथे फ्री साईझ? पहिली खरेदी म्हणून रॅबिट घेऊ नये असं मी म्हणेन.

हवेच्या दाबावर चालणारा प्रकार त्यामानाने नवा. जर्मनीच्या मिखाएल लेंके यांचा वुमनायझर २०१४ मध्ये आला, मग त्याच तत्त्वावरचे स्वस्त सॅटिस्फायर वगैरे आले. यात घासणं जवळजवळ नाही. छोटं तोंड शिश्निकेभोवती टेकवायचं आणि आतली हवा हलके ठोके देते. कडा नीट टेकली नाही तर नुसता फटफट आवाज येतो. वर्षानुवर्षं "मला येतच नाही" म्हणणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला यानेच आलं, आणि दुसरीला ते इतकं तीव्र वाटलं की तिने दुसऱ्या मिनिटाला बंद केलं. सगळ्यात खालच्या पायरीवर सुरू करा, एवढाच सल्ला. मागच्या बाजूला काही वापरायचं असेल तर रुंद बूड असलेलंच घ्या. नाहीतर वस्तू आत सरकते आणि मग इमर्जन्सी रूममध्ये रेसिडेंट डॉक्टरला इतिहास सांगत बसावं लागतं.

माल कशाचा आहे, याला मी मोटरइतकंच महत्त्व देते. अमेरिकेत लहान मुलांच्या खेळण्यांत थॅलेट नावाची रसायनं किती असावीत याला २००८च्या कायद्याने मर्यादा घातली. मोठ्यांच्या या 'खेळण्यांना' तो कायदा लागू नाही. नॉव्हेल्टी, म्हणजे गमतीची वस्तू, असं लिहून ती विकली जातात. या वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी आंतरराष्ट्रीय मानक आलं तेच मुळी २०२१ साली, आयएसओ ३५३३. तेव्हा काळजी आपणच घ्यायची. मऊ, पारदर्शक, जेलीसारखी वस्तू आणि खोकं उघडताच नव्या रेनकोटसारखा वास, तर परत पाठवा. सच्छिद्र मालात जंतू राहतात, कितीही धुवा. सिलिकॉन, कडक एबीएस प्लास्टिक, काच आणि स्टेनलेस स्टील साबण-पाण्याने खरोखर स्वच्छ होतात. आयपीएक्स७ लिहिलेलं असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी झालेली असते, म्हणजे नळाखाली बिनधास्त धुता येतं.

फोनशी जोडलेली उपकरणं मी का नाकारते? तुमच्यातले निम्मे लोक डेटाबेसवरच पोट भरता, तुम्हाला वेगळं काय सांगू. वुई-व्हाईब बनवणाऱ्या कॅनडातल्या कंपनीचं अॅप उपकरणाचं तापमान आणि कंपनाची तीव्रता कंपनीच्या सर्व्हरला कळवतं, हे २०१६ मध्ये संशोधकांनी उघड केलं. पुढच्या वर्षी कंपनीने खटला मिटवला, रक्कम ३७ लाख डॉलरच्या घरात. दोघं दोन देशांत असतील (आपल्यात व्हिसापायी असे कितीतरी आहेत) तर दुरून चालवता येण्याची सोय मोलाची आहे, हे मान्य. पण ती किंमत डोळसपणे मोजा.

आता नवरे मंडळी. "मी असताना हे कशाला?" हा प्रश्न बोलून न दाखवणारे तर जास्त दुखावलेले असतात. हर्बेनिक यांच्याच २००९च्या सर्वेक्षणात अमेरिकेतल्या १८ ते ६० वयाच्या सुमारे ५३ टक्के बायकांनी व्हायब्रेटर वापरलेला होता, आणि पुरुषांतही हा आकडा ४५ टक्क्यांच्या आसपास, बहुतेकांनी जोडीदारासोबत. घरात मिक्सर आला म्हणून स्वयंपाक करणाऱ्याची किंमत कमी झाली नाही. एकत्र बसून निवडा, त्या निमित्ताने कुठे काय आवडतं यावर बोलणं तरी होईल. काही घरांत ते बोलणं लग्नाला दहा वर्षं झाली तरी झालेलं नसतं.

आणि "आपल्यात हे चालत नाही" असं म्हणणाऱ्यांना र. धों. कर्वे आठवून देते. १९२७ साली त्यांनी मुंबईत 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं, बायकांनाही कामसुखाचा हक्क आहे असं स्वच्छ मराठीत लिहिलं. हस्तमैथुनाने शरीर खंगतं ही समजूत त्यांनी खोडून काढली. वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तेव्हा हा विषय आपण परदेशात येऊन उचललेला नाही.

प्रवासाचं मात्र नीट ऐका. दुबई, रियाध इथे उतरणार असाल तर घरीच ठेवा, आखातात या वस्तू नेण्याला बंदी आहे आणि कस्टमवाल्यांशी हुज्जत घालायची ती जागा नाही. अमेरिकेत अलाबामात विक्रीवर १९९८चा कायदा आहे, पण स्वतःजवळ बाळगण्याला तो आड येत नाही. भारतात सीमाशुल्काची १९६४ची एक अधिसूचना अश्लील वस्तूंची आयात रोखते. तिच्याच आधारे न्हावाशेवाच्या कस्टमने बॉडी मसाजरचा माल अडवला होता, याचा सेक्स टॉय म्हणूनही वापर होऊ शकतो असं म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये कस्टमचं म्हणणं फेटाळलं. असल्या वस्तू देशात राजरोस विकल्या जातात आणि अधिकाऱ्याच्या कल्पनेवरून माल निषिद्ध ठरत नाही, असा त्याचा आशय. म्हणून भारतात ऑनलाईन शोधताना 'मसाजर' हाच शब्द टाका. बॅगेत न्यायचाच असेल तर ट्रॅव्हल लॉक असलेलं मॉडेल घ्या. सामानाच्या पट्ट्यावर आपलीच बॅग गुणगुणतेय असं नको.

चूभूद्याघ्या.

ता.क. वंगणाचं राहिलं. सिलिकॉनच्या वस्तूला सिलिकॉनचं वंगण लावू नका, पृष्ठभाग चिकट होऊन खराब होऊ शकतो. पाण्याच्या आधारावरचं घ्या. आणि आपल्या घरात हाताशी असतं ते खोबरेल लॅटेक्सच्या कंडोमसोबत अजिबात नको, तेलाने लॅटेक्स कमजोर होऊन फाटतं.