कंपनी कोणाची आणि कंपनी कोणाला?



'कंपनी' हा शब्द आपल्या तोंडी रोज येतो. रात्रपाळीला निघताना आपण म्हणतो, "चल रे, चहाला जरा कंपनी दे." आणि दुसऱ्या दिवशी गेट मीटिंगमध्ये घोषणा देतो की, आमचे खाते कंपनीच्या घशात घालू नका! शब्द एकच, पण एकीकडे सोबत आणि दुसरीकडे संकट. आमचे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच. तरी हे कोडे सुटेना म्हणून आम्ही शब्दकोश उघडला.

मूळ लॅटिन आहे. 'कॉम' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे भाकरी. पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेला 'पाव' याच पानिसचा. जे एकत्र बसून भाकरी खातात, त्यांचा मेळा म्हणजे कंपनी. आपण एकमेकांना 'कॉम्रेड' म्हणतो, त्याचे मूळ स्पॅनिशमधल्या खोलीच्या शब्दात आहे. एका खोलीत राहणारे ते कॉम्रेड. म्हणजे रनिंग रूममध्ये शेजारच्या खाटेवर झोपणारा आणि पूर्वी आर.एम.एस.च्या डब्यात रात्रभर टपाल वेगळे करणारा, हे शब्दाच्या अर्थानेच आपले सोबती.

पुढे व्यापाऱ्यांनी हा शब्द उचलला. भाकरीतले वाटेकरी गेले, नफ्यातले वाटेकरी आले. १६०० साली ईस्ट इंडिया कंपनी निघाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, तीही जी.आय.पी. रेल्वे कंपनीची. भागधारकांना ५ टक्के परताव्याची सरकारी हमी होती. बोरघाट फोडणाऱ्या मजुराला कसलीच हमी नव्हती. ही कंपनी सरकारने ताब्यात घेतली ती १९२५ साली. उलटा प्रवासही आपण पाहिला आहे. २००० साली दूरसंचार सेवेची कंपनी झाली, २०२१ साली आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. तेव्हा आपली भीती खोटी नाही.

पण आज सवाल सरकारला नाही, आपल्याला आहे. आपण कोणाला 'कंपनी' देतो?

एका डेपोत आम्ही शाखेच्या कामासाठी वरचेवर जातो. दुपारी सगळे डबे सोडतात, भाजी इकडून तिकडे फिरते. डबे धुणारा ठेकेदाराचा मुलगा मात्र पिट लाईनच्या कडेला एकटाच खातो. आम्ही त्याला बोलावले तर म्हणाला, "राहू द्या काका. तुमची नोकरी पक्की, माझी संध्याकाळपर्यंतची." तीन वर्षे आम्ही त्याला पाहत होतो, नाव त्या दिवशी विचारले! एकजुटीवर भाषणे करणाऱ्या आम्हाला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली.

मराठीत 'संगत' आणि 'पंगत' हे शब्द जोडीने येतात. पण पंगतीतून कोणाला उठवले जात होते, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली. तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागायचा आणि गँगमन म्हणूनच निवृत्त व्हायचा, हे त्यांनी रोखठोक मांडले. आज तशीच वेगळी पंगत कायम आणि कंत्राटी अशी पडते आहे. टपालात तीच गत ग्रामीण डाक सेवकाची. ऊन-पावसात वाडीवस्तीवर टपाल तो पोचवतो, पण त्याला खात्याचा नियमित कर्मचारी म्हणत नाहीत.

काही सभासद म्हणतात, "ही माणसे आपल्या जागा खातात." आम्हाला हे मान्य नाही. जागा त्यांनी खाल्ल्या नाहीत, त्या फाईलवर रद्द झाल्या. तो मुलगा आला तो जागा गेल्यानंतर. त्याला निम्म्या पैशात राबवता येते, तोवर तुमची जागाही प्रशासनाला महागच वाटणार. त्याचा दर वाढला तरच तुमची जागा टिकेल. हा दयेचा नव्हे, हिशेबाचा मामला आहे.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक शाखेने आपल्या आवारातील कंत्राटी कामगारांची नावे लिहून काढावीत. त्यांना मजुरी किती मिळते, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का आणि भरला जातो का, हे विचारावे. घटनेत बसत असेल तर त्यांना सभासद करावे. बसत नसेल तर त्यांची संघटना उभारायला आपल्या कचेरीतली एक खुर्ची द्यावी. टपाल शाखांनी डाक सेवकांची मागणी आपल्या मागणीपत्रात तळाशी न टाकता वर घ्यावी.

आणि हे सर्व होईपर्यंत एक काम उद्याच करता येईल. डबा उघडताना पिट लाईनकडे एक हाक मारा. कंपनीकरणाविरुद्धची लढाई खऱ्या कंपनीनेच जिंकता येईल.

कामगार एकजुटीचा विजय असो!